उमेदवार उभा राहण्याआधीची माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा उद्याचा अंक मी आजच्या संध्याकाळच्या चहाबरोबर वाचते. घड्याळाचा हा घोळ आता सवयीचा झाला आहे. मी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, एम्स नावाच्या विद्यापीठाच्या गावात राहते. माहेर सावंतवाडीचं. यजमानांना इथल्या शेतकी विभागात संशोधनाची संधी मिळाली म्हणून १९९१ साली आलो आणि इथलेच झालो. मी पलीकडच्या डे मॉइन शहरात एका हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आता निवृत्त आहे.

पत्र लिहायला निमित्त असं की २०२८ च्या अध्यक्षीय निवडणुकीची चर्चा आपल्याही पानांवर सुरू झाली आहे. रिपब्लिकन पक्षाकडून कोण उभं राहील, जे. डी. व्हान्स राहतील का, राहिले तर त्यांच्या पत्नी उषाबाईंचं मूळ गाव आंध्रात कुठलं, इथपर्यंत सगळं छापून येतं. त्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, ‘पुराणमतवाद्यांची अंध गर्दी’. हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या शेजारच्या बाई उभ्या राहतात. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, शाळेत नागरिकशास्त्र शिकवायच्या. घरात आम्ही त्यांना मास्तरीणबाई म्हणतो आणि या शब्दाचा अर्थ सांगितल्यापासून त्यांनाही तो आवडतो. त्या कॉन्झर्व्हेटिव्ह आहेत, पक्क्या. दर रविवारी चर्चला जातात, सरकारने माणसाच्या आयुष्यात कमीत कमी लुडबुड करावी असं मानतात, गर्भपाताच्या विरोधात आहेत. माझी आणि त्यांची मतं निम्म्याहून जास्त ठिकाणी जुळत नाहीत. पण अंध मात्र त्या नाहीत. आणि एक माणूस निवडणुकीला उभा राहणार की नाही हेच ठरलेलं नसताना, तो उभा राहावा म्हणून त्यांनी दीड-दोन वर्षं जे कष्ट उपसले ते मी स्वतः पाहिले आहेत, थोडे सोबतीने उपसलेही आहेत. ते कुठेतरी लिहिलं जावं असं मला वाटतं.

गोष्ट २०१३ ची. दर वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये राष्ट्रीय प्रार्थना-न्याहारी नावाचा एक समारंभ असतो, त्याला अध्यक्षही येतात. त्या वर्षी ७ फेब्रुवारीला तिथे मुख्य भाषण डॉ. बेन कार्सन यांचं झालं. अध्यक्ष ओबामा काही हातांच्या अंतरावर बसलेले, आणि हे संथ आवाजात कर कसे असावेत, आरोग्यविमा कसा असावा, लोक मनातलं बोलायला का घाबरतात, हे सांगत होते. सगळं ओबामांच्या धोरणाच्या उलट. भाषणाची चित्रफीत देशभर फिरली आणि काही दिवसांतच ‘यांनी अध्यक्षपदाला उभं राहावं’ असं लोक बोलू लागले.

कार्सन हे नाव आम्हा हॉस्पिटलवाल्यांना नवं नव्हतं. १९८७ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डोक्याला डोकं जोडून जन्मलेल्या जर्मन जुळ्या बाळांना वेगळं करणारी शस्त्रक्रिया झाली. सुमारे ७० जणांचा चमू, २२ तास, आणि मेंदूच्या शल्यचिकित्सकांत प्रमुख कार्सन. वयाच्या ३३ व्या वर्षी ते तिथे लहान मुलांच्या मेंदूशल्य विभागाचे प्रमुख झाले होते. पण मास्तरीणबाईंना त्या शस्त्रक्रियेपेक्षा त्यांच्या आईचं जास्त अप्रूप होतं. डेट्रॉइटमध्ये एकटीने दोन मुलं वाढवणारी, लोकांच्या घरी कामं करणारी, जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेली ही बाई. तिने टीव्हीवर बंधन घातलं, आठवड्याला वाचनालयातली दोन पुस्तकं वाचायची आणि प्रत्येकावर लिहून आणायचं असा नियम केला. मुलं लिहून आणायची, ती त्यावर खुणा करायची. तिला ते नीट वाचता येत नाही, हे मुलांना पुष्कळ उशिरा कळलं. मास्तरीणबाईंनी ही गोष्ट वर्गात पंचवीसेक वर्षं सांगितली होती. राजकारण नंतर आलं. आधी ती आई आली.

त्या उन्हाळ्यात कार्सन हॉस्पिटलमधून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत एक समिती निघाली. तिचं काम एकच, कार्सन यांना उभं राहायला भाग पाडणं. इथे याला ‘ड्राफ्ट’ करणं म्हणतात. समितीच्या अध्यक्षस्थानी जॉन फिलिप सूझा चौथे हे गृहस्थ होते. ज्यांच्या लष्करी संचलनाच्या धून इथे प्रत्येक ४ जुलैला वाजतात त्या सूझांचे ते पणतू. ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला होता ते कार्सन तेव्हा रिपब्लिकन पक्षाचे नोंदणीकृत मतदारही नव्हते! ती नोंदणी त्यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये केली.

आपल्या वाचकांना हे समजायला थोडं जड जाईल, म्हणून तुलना करते. आपल्याकडे निवडणूक जाहीर व्हायच्या आत डझनभर इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले असतात. मग मुलाखती, मग याद्या, मग शेवटच्या रात्री एबी फॉर्म कोणाच्या हातात पडतो यावर तालुक्याचा श्वास अडकलेला. कार्यकर्ता कोणाचं काम करणार हे वरून ठरतं, तो सतरंज्या घालतो आणि सतरंज्या उचलतो. इथे मी उलटं पाहिलं. वरचा कोणी सांगत नव्हता. खालची माणसं वरच्याला सांगत होती, ‘बाबा रे, तू उभा राहा.’

मास्तरीणबाईंनी २०१४ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याच्या जत्रेत एक घडीचं टेबल मांडलं. तिथे डुकरं, शेळ्या, कोंबड्या, मुलांनी वाढवलेली वासरं यांची प्रदर्शनं असतात, आणि त्या गोठ्यांच्या वाटेवर यांचं टेबल. वर ‘रन बेन रन’ लिहिलेल्या स्टिकरांचे गठ्ठे, सह्यांचे कागद आणि घरी केलेल्या लिंबाच्या वड्यांचं ताट. वड्या मी कापल्या होत्या. दिवसभरात त्यांनी किती सह्या घेतल्या हे मला आठवत नाही, पण त्यांची पद्धत आठवते. माणूस टेबलापाशी थांबला की त्या कार्सन यांच्याबद्दल काही बोलायच्या नाहीत. आधी विचारायच्या, ‘तुम्हाला अध्यक्ष कसा हवा?’ मग ऐकायच्या. एका शेतकऱ्याने विचारलं, मेंदूच्या डॉक्टरला मक्याच्या इथेनॉलचं काय कळतं? मास्तरीणबाई म्हणाल्या, ‘मला माहीत नाही. तुमचा प्रश्न लिहून घेते, त्यांना पाठवते.’ आणि खरोखरच एका जाड वहीत पेन्सिलीने लिहून घेतला. ती वही पुढे फुगतच गेली. नाव, गाव, काय म्हणाले, पुन्हा कधी फोन करायचा. थंडीत आठवड्यातून दोन संध्याकाळी त्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वहीतल्या नावांना फोन करायच्या, मी शेजारी बसून पाकिटांवर पत्ते लिहायचे. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून ते काम मला मिळालं. खरं कारण असं की मलाही हा माणूस आवडला होता. त्यांची सगळी मतं पटत होती असं नाही, पण चाकू हातात धरून आयुष्यभर दुसऱ्याच्या लेकराला वाचवणारा माणूस सत्तेच्या जागी बसला तर काय होईल, ही उत्सुकता होती.

आयोवाचा इथे एवढा मान का, हेही सांगायला हवं. अध्यक्षीय उमेदवार निवडायची पक्षांतर्गत सुरुवात रिपब्लिकन पक्षात आमच्या राज्यापासून होते, आणि तीही मतदान केंद्रावर रांग लावून होत नाही, कॉकसमध्ये होते. कॉकस म्हणजे वस्तीतल्या माणसांची सभा. राज्यात ९९ जिल्हे, त्यांत सोळाशेच्या वर अशा सभा एकाच संध्याकाळी भरतात, शाळांत, चर्चच्या तळघरांत, अग्निशामक दलाच्या खोल्यांत. २०१२ मध्ये कॉकसच्या रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं आणि दोन आठवड्यांनी पक्की मोजणी आली तेव्हा रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे होते. सँटोरम यांच्याकडे पैसा नव्हता, एका पिकअप गाडीतून त्यांनी ९९ च्या ९९ जिल्हे पालथे घातले होते. म्हणून इथल्या कार्यकर्त्याला आपल्या वहीतल्या एकेका नावाची किंमत ठाऊक असते.

मास्तरीणबाईंना हा नाद नवा नव्हता. त्यांच्या दागिन्यांच्या डबीत एक पत्र्याचा बिल्ला आहे, त्यावर सोन्याचं आणि पाण्याचं रासायनिक चिन्ह जोडून लिहिलेलं, म्हणजे गोल्डवॉटर. १९६४ मध्ये त्या सतरा वर्षांच्या होत्या, मतदानाचं वय तेव्हा एकवीस. वडिलांबरोबर त्या रिपब्लिकन पक्षाचे त्या वर्षीचे अध्यक्षीय उमेदवार, ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांची पत्रकं वाटत फिरल्या. गोल्डवॉटर यांचीही कहाणी अशीच. १९६१ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या एका मोटेलमध्ये क्लिफ्टन व्हाइट या संघटकाने वीस-बावीस माणसं गोळा केली आणि पक्षाच्या पूर्वेकडच्या बड्या मंडळींना न विचारता एकेक राज्य बांधायला घेतलं. गोल्डवॉटर स्वतः नको म्हणत होते, तरी १९६३ मध्ये उघड समिती स्थापन झाली, ४ जुलैला वॉशिंग्टनमध्ये मोठी सभा भरली, आणि जानेवारी १९६४ मध्ये त्यांना ‘उभा राहतो’ म्हणावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या पक्षांतर्गत निवडणुकीत प्रतिस्पर्धी रॉकफेलर यांच्या पैशापुढे घरोघर फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी निसटता विजय आणून दिला. नोव्हेंबरात मात्र धूळधाण उडाली. पन्नासपैकी सहा राज्यं मिळाली, एक त्यांचं स्वतःचं आणि पाच दक्षिणेतली. त्या दक्षिणेतल्या राज्यांत ते कशामुळे जिंकले हेही मास्तरीणबाई लपवत नाहीत. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याच्या विरोधात गोल्डवॉटर यांनी मत दिलं होतं. ‘माझे वडील तेव्हा त्यांच्या बाजूने बोलले आणि मीही बोलले. ते चूक होतं,’ असं त्यांनी मला एकदा सरळ सांगितलं. त्याच गोल्डवॉटरवाल्या बाई पन्नास वर्षांनी डेट्रॉइटच्या गरीब वस्तीत वाढलेल्या एका काळ्या डॉक्टरासाठी जत्रेत टेबल मांडून बसल्या होत्या. याच्यावर मी पुष्कळदा विचार करते.

४ मे २०१५ ला कार्सन यांनी डेट्रॉइटमध्ये उमेदवारी जाहीर केली. त्या दुपारी मास्तरीणबाई आमच्या मागच्या दाराने आल्या, काही न बोलता खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मला एकदम १९७७ आठवलं. मी तेव्हा शाळेत होते. मधु दंडवते आणीबाणीत बंगळूरच्या तुरुंगात होते, आणि आमचे अण्णा, प्राथमिक शाळेतले मास्तर, संध्याकाळी सावंतवाडीच्या आसपासच्या वाड्यांवर पायी जाऊन लोकांशी बोलायचे. नोकरीची भीती होती, आई दारात उभी राहून वाट पाहायची. राजापूर मतदारसंघातून दंडवते निवडून आले ती बातमी रेडिओवर लागली तेव्हा अण्णा असेच खुर्चीत बसून रडले होते. दंडवते समाजवादी, कार्सन त्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला. अण्णा असते तर त्यांनी कार्सन यांना मुळीच मत दिलं नसतं. पण मास्तरीणबाईंचं ते रडणं त्यांनी ओळखलं असतं.

त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात (इथे पावसाळा असा नसतो, पण माझ्या जिभेवर तोच शब्द येतो) सगळं चढत गेलं. कार्सन यांची प्रचाराची बस फिरत होती, तिच्यावर देणगी देणाऱ्यांच्या मुला-नातवंडांची नावं रंगवलेली. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत त्यांना दोन कोटी डॉलरहून जास्त देणग्या मिळाल्या, रिपब्लिकन उमेदवारांत सर्वांत जास्त, आणि त्यांतले पुष्कळ पैसे आमच्या मास्तरीणबाईंसारख्या पंचवीस-पन्नास डॉलर पाठवणाऱ्यांचे होते. ऑक्टोबरच्या शेवटी डे मॉइनच्या वृत्तपत्राची मतचाचणी आली. कार्सन २८ टक्के, ट्रम्प १९ टक्के. मास्तरीणबाईंनी ते पान कापून फ्रिजवर लावलं.

पण त्याआधी, २० सप्टेंबरला, एक गोष्ट घडली होती. टीव्हीवरच्या मुलाखतीत कार्सन म्हणाले की एखाद्या मुसलमान व्यक्तीच्या हाती हा देश सोपवावा असं मी सुचवणार नाही.

माझ्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर बसणारी मैत्रीण बोस्नियाची. नव्वदच्या दशकातल्या युद्धात घर सोडून आलेल्या बोस्नियन लोकांची डे मॉइनमध्ये मोठी वस्ती आहे. तिचा भाऊ त्या युद्धात गेला. ती काटकसरी, कष्टाळू, कमी कर हवेत म्हणणारी, मुलांना धाकात ठेवणारी. खरं तर मतांनी ती मास्तरीणबाईंच्याच जवळची. तिने माझ्याकडून कार्सन यांच्या आईची गोष्ट ऐकून घरी मुलांना सांगितली होती. सोमवारी ती कामावर आली, काचपट्ट्या मांडल्या आणि मला एवढंच म्हणाली, ‘तुझ्या डॉक्टरांना सांग, माझा मुलगाही आठवड्याला दोन पुस्तकं वाचतो.’

मला दिवसभर काही सुचलं नाही. संध्याकाळी मी मास्तरीणबाईंकडे गेले आणि जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं त्या बाजू मांडतील, संदर्भ सांगतील. त्यांनी कपाटातून राज्यघटनेची आपली जुनी प्रत काढली. सहाव्या कलमात शेवटी लिहिलं आहे की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची कसोटी कधीही लावली जाणार नाही. हे कलम त्यांनी आयुष्यभर मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. त्याच रात्री त्यांनी प्रचार कार्यालयाला चार पानी पत्र लिहिलं. मी तुमच्यासाठी दीड वर्ष फोन करते आहे, माझ्या वहीत इतकी नावं आहेत, आणि तुमचं हे विधान या कलमाला धरून नाही, तुम्ही ते मागे घ्या, असा सगळा मजकूर. पाकिटावर पत्ता मी लिहिला. उत्तर छापील आलं, पाठिंब्याबद्दल आभार आणि आणखी देणगीची विनंती. त्या विधानानंतर देणग्या वाढल्या, असं प्रचारातल्या लोकांनीच तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं. हे वाचलं त्या दिवशी मास्तरीणबाई फार गप्प होत्या.

त्यांनी काम सोडलं नाही. मी सोडलं. दोघींनी ते एकमेकींना बोलून दाखवलं नाही, मी फक्त मंगळवार-गुरुवारी जाईनाशी झाले.

पुढचं वर्तमानपत्रात सगळ्यांनी वाचलं आहे. नोव्हेंबरात पॅरिसवर हल्ला झाला आणि लोक परराष्ट्र धोरणाचे प्रश्न विचारू लागले, तिथे कार्सन अडखळले. वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्यांचे प्रचारप्रमुख राजीनामा देऊन गेले. गोळा झालेल्या पैशाचा मोठा हिस्सा आणखी पैसे गोळा करण्यातच, टपाल आणि फोन यांवर खर्च झाल्याचं हिशेबांतून दिसलं. पुढे कार्सन यांनीच म्हटलं की आमच्यातल्या काहींना पैशाचं गणित कळत नव्हतं, किंवा कळूनही त्यांनी तसं केलं असेल. फ्रिजवरचं कात्रण मात्र जागेवर होतं.

१ फेब्रुवारी २०१६, सोमवार, संध्याकाळी सात. मध्यरात्रीनंतर बर्फाचं वादळ येणार असा इशारा होता. मास्तरीणबाईंचे गुडघे दुखत होते, रात्री गाडी चालवायला नको म्हणून मी त्यांना घेऊन गेले. आमच्या वस्तीची सभा शाळेच्या जेवणघरात होती. दाराशी टेबलावर त्याच वेळी पक्षात नाव नोंदवता येतं, तसं मीही नोंदवलं. मुलांच्या उंचीचे बाक, त्यावर शेतकरी, प्राध्यापक, कडेवर बाळ घेतलेल्या आया, विद्यापीठातली पोरं दाटीवाटीने बसलेली. आधी ध्वजाला वंदन, मग प्रार्थना, मग प्रत्येक उमेदवाराच्या वतीने वस्तीतलाच कोणीतरी दोन-तीन मिनिटं बोलतो. मोठी भाषणं नाहीत, ध्वनिक्षेपकही धड नव्हता.

मास्तरीणबाई उभ्या राहिल्या तेवढ्यात मागच्या बाकांवर फोन चमकू लागले. कार्सन आयोवातून थेट फ्लोरिडाला घरी निघाले, म्हणजे ते शर्यतीतून बाहेर पडले, अशी बातमी पसरत होती. ते घरी फक्त कपडे बदलायला चालले होते, पण एका प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या प्रचारातून ही गोष्ट अर्धवट करून कार्यकर्त्यांना कळवली गेली होती. त्या उमेदवाराने दुसऱ्या दिवशी जाहीर माफी मागितली. आमच्या जेवणघरात ती माफी अर्थातच पोचायची होती. एका तरुणाने बसल्या जागेवरून विचारलं, ‘ते तर गेले ना?’

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, ‘ते गेले असतील तर मला कोणी सांगितलेलं नाही. मी गेलेली नाही.’ मग त्यांनी त्या आईची गोष्ट सांगितली, जशी वर्गात सांगायच्या तशी. आणि शेवटी मला अजिबात अपेक्षित नसलेलं एक वाक्य बोलल्या. म्हणाल्या, ‘धर्माच्या कसोटीबद्दल ते जे बोलले ते मला मान्य नाही, मी तसं त्यांना लिहून कळवलं आहे, आणि तुम्ही मत दिलंत तर तुम्हीही कळवा.’ स्वतःच्या उमेदवारासाठी मतं मागायला उभं राहून भरसभेत असं बोलणारा कार्यकर्ता मी त्याआधी पाहिला नव्हता, आपल्याकडेही नाही आणि इथेही नाही.

कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाने नाव लिहून घडी घातली, एका डब्यात गोळा करून सगळ्यांसमोर मोजल्या. कार्सन यांना आमच्या वस्तीत १७ मतं पडली. राज्यात टेड क्रूझ यांना २७.६ टक्के, ट्रम्प यांना २४.३, रुबिओ यांना २३.१ आणि कार्सन यांना ९.३. मतमोजणी झाली तशी बहुतेक माणसं वादळाच्या भीतीने पांगली. मास्तरीणबाई थांबल्या, कारण पुढे जिल्हा अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडायचे होते आणि पक्षाच्या जाहीरनाम्यासाठी ठराव घ्यायचे होते. जेमतेम वीस जण उरले होते. त्यांनी घटनेच्या सहाव्या कलमाचा ठराव मांडला. चर्चा झाली, दोघांनी विरोध केला, ठराव पुढे गेला.

घरी येताना गाडीत मी सांगून टाकलं. ‘मी त्यांचं नाव लिहिलं नाही. लिहायला गेले, पण मला माझ्या मैत्रिणीचा मुलगा आठवला.’ त्या काचेतून बाहेर बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, ‘मग माझ्या वहीतले सोळा म्हणजे सोळाच. मी सतरावं कोणाचं हे मघापासून शोधतेय, मला वाटलं तुझं.’ मग वही उघडून त्यांनी दिव्याच्या उजेडात पुन्हा नावं मोजायला घेतली. सतरावा माणूस कोण, हे आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही. त्या अजून विचारतात, कधीकधी.

महिनाभराने कार्सन यांनी शर्यत सोडली. पुढे मार्च २०१७ मध्ये ते ट्रम्प सरकारात गृहबांधणी खात्याचे मंत्री झाले. त्यांच्या त्या कारकिर्दीबद्दल लिहावं इतकं मला त्यातलं कळत नाही. माझं पत्र त्यांच्याबद्दल नाहीच.

संपादक महाशय, आता विनंती. २०२८ च्या तोंडावर आपण वॉशिंग्टनच्या बातम्या द्यालच, सभांचे फोटोही छापाल. पण कोणी उमेदवार नाव जाहीर करायच्या आधीच कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी स्वयंपाकघरात कोणाची तरी वही भरत असते. उजव्यांचीही आणि डाव्यांचीही. आपला एखादा तरुण वार्ताहर तिथवर पाठवा. त्या माणसांना गर्दी म्हणण्याआधी त्याने एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसून पाकिटांवर पत्ते लिहावेत. आयोवात यायचं असेल तर उतरायला आमचं घर आहे, थंडीत यायचं म्हणून जाड मोजे आणि टोपी तेवढी आणायला सांगा. १५ जानेवारी २०२४ च्या कॉकसला इतकी कडाक्याची थंडी होती की घराच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या, आणि तरी मास्तरीणबाई हातात काठी घेऊन साडेसहाला आमच्या दारात उभ्या होत्या. त्या आता ऐंशीकडे झुकल्या आहेत. फोन अजून करतात. यंदाची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, पहिल्या पानावर उमेदवाराच्या नावाची जागा कोरी सोडली आहे, आणि पुढची अकरा पानं भरून झाली आहेत.

आपली,
एक जुनी वाचक
एम्स, आयोवा